दोन रेघांचा निर्वाळा

“पट्टी स्वच्छ आली म्हणजे माणूस स्वच्छ, असं कधी धरून चालू नकोस,” असं लॅबच्या मॅडम तिला एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा तिला सातवा महिना होता, पाय सुजले होते आणि समोर लघवीच्या एकोणीस बाटल्या नावं लावायच्या राहिल्या होत्या. तिने “हो मॅडम” म्हटलं आणि पुढची बाटली उचलली. मनात म्हणाली, दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. आमच्या मॅडम तर पाणीही फुंकून पितात.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिला पाच वर्षं झाली होती. रसायनशास्त्राची पदवी, त्यावर तंत्रज्ञाचा डिप्लोमा. साखरेची पट्टी, कावीळ-मलेरियाची, दिवस गेल्याची, नशेची; पट्ट्या तिच्या हाताखालून अशा जायच्या जशा कंडक्टरच्या हाताखालून तिकिटं. पट्टी रडत नाही, थापा मारत नाही, कुणाची बाजू घेत नाही. माणसांबद्दल ती हे छातीठोकपणे सांगू शकली नसती.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा घरात प्रश्न पडला की दुपारी दोन ते संध्याकाळी सात पोरीला कोण बघणार. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत; सकाळी गेला की कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर लटकलेला असेल, नेम नाही. उत्तर घरातच बसलेलं होतं, बाहेरच्या खोलीतल्या टेबलापाशी, भिंग लावलेल्या दिव्याखाली. धाकटा दीर मोबाइल दुरुस्त करायचा. दुकानवाल्यांनी हात टेकलेले फोन त्याच्याकडे यायचे. लहानपणी हाती लागेल ती वस्तू उघडून बसायचा म्हणून भावाने त्याचं नाव ‘स्क्रू’ ठेवलं, ते सव्विसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं.

“मी आहे की घरात, वहिनी,” तो म्हणाला. “भोपळीला मी सांभाळतो. चार्जिंग संपलं की रडते, दूध घातलं की चालू. याहून अवघड मॉडेलं मी रोज उघडतो.”

“उघडू नकोस म्हणजे मिळवली,” ती म्हणाली.

भोपळी हे नावही त्याचंच. पोर गुटगुटीत होती आणि काकाला पाहिलं की दोन्ही हात वर करायची. दोन महिने सगळं छान चाललं. तिसऱ्या महिन्यात जास्तच छान चालायला लागलं, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

ती कामावरून आली की दुधाच्या बाटल्या धुऊन उभ्या असायच्या, सगळ्यांचे आकडे एकाच दिशेला. लंगोट पाकिटांसारखे घडी केलेले. टेबलावर बाटल्यांच्या झाकणांत स्क्रू लावलेले, लांबीप्रमाणे, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने. पोरीचं वाजणारं खेळणं त्याने उघडून पुन्हा जोडलं होतं.

“बिघडलं होतं का?” तिने विचारलं.

“नाही. सूर किंचित खाली होता.”

मग तो सुरांबद्दल बोलला, सुरांवरून बॅटरीवर गेला, बॅटरीवरून एका गिऱ्हाइकावर, त्या गिऱ्हाइकाच्या सासऱ्यावर. एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. बोलणं थांबलं तरी जबडा थांबायचा नाही. तोंडात काही नसताना तो चघळत राहायचा. त्याचं ताट झाकलेलं ते झाकलेलंच. आणि डोळे. खिडकीतून दुपारचं ऊन तोंडावर आणि समोर भिंगाचा दिवा, तरी बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या, जणू माणूस अंधारात काही शोधतोय.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो वैतागला.

“इतकी वर्षं म्हणत होतीस, स्क्रूला कामाचं गांभीर्य नाही. आता मान मोडून काम करतोय तर तुझ्या पोटात दुखतंय. फौजदार, तुझी नोकरी चुकली.”

“मान मोडून काम करणारा माणूस जेवतो,” ती म्हणाली.

“उन्हाळा आहे. मीही कमी जेवतो.”

“तू चार पोळ्या खाल्ल्यास आत्ता.”

“मोजल्यास? बघ. फौजदार.”

लॅबमधल्या लोकांची एक रीत असते. पट्ट्यांचा नवा डबा उघडला की आधी तो निरोगी माणसाच्या नमुन्यावर तपासून बघायचा, आणि निरोगी माणूस म्हणून प्रत्येकाने आपल्या घरचंच कुणीतरी धरायचं. नवऱ्याचं रक्त इतक्या वेळा गेलं होतं की तो म्हणायचा, मशीनला मी पाठ आहे. त्यामुळे तिने दिराच्या हातात बाटली दिली तेव्हा त्यात वावगं काही दिसलं नाही.

“भरून आणू की घोटभर पुरे?”

“निम्मी पुरे.”

न्हाणीघराच्या दारात तो थबकला. “यात काय काय कळतं हो, वहिनी?”

“साखर. प्रोटीन.”

“आणि?”

“आणि तू पाणी कमी पितोस ते.”

तो हसला आणि आत गेला. त्या हसण्यावर ती अर्धी विरघळली. ज्याच्या पोटात पाप आहे तो असा हसत हसत बाटली भरून देईल का?

नशेच्या पट्टीची रीत उलटी असते. तिच्यावर एक रेघ नेहमी उमटते, पट्टी चालू आहे हे सांगायला. दुसरी उमटली तर माणूस सुटला. दुसरी आलीच नाही तर सापडला. तिने कडी लावली, नळ सोडला, जागं ठेवणाऱ्या औषधांची पट्टी बाटलीत बुडवली आणि घड्याळाकडे बघत राहिली. पहिली रेघ आली. मग, जरा फिकट पण नक्की, दुसरी. बादलीच्या काठावर बसून ती रडली, तोंड धुतलं आणि पट्टी कागदात गुंडाळून डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं. तोंड पांढरं पडलेलं, चिमटीत पट्टी.

“हे काय आहे?” तो कुजबुजला.

“कुठे मिळाली तुला?”

“दोन रेघा आहेत.”

“हो. आहेत.”

“अगं, आत्ता कुठे भोपळी रांगायला लागलीय. आणि मला सांगितलंही नाहीस?”

तिला उमगायला क्षणभर लागला, आणि मग ती पदराने तोंड दाबून हसायला लागली. ते हसणं महागात पडलं. कारण आपली नाही म्हटल्यावर कुणाची, हे सांगणं आलं.

“तुझ्या भावाची आहे.”

“माझ्या भावाला दोन रेघा?”

तिने सगळं सांगितलं. नवरा आधी हसला, मग त्याने पट्टी ओट्यावर टाकली.

“म्हणजे तू त्याला फसवून त्याची तपासणी केलीस. ज्याच्या खांद्यावर तुझी पोरगी झोपते, त्याची.”

“स्वच्छ आली रे.”

“आली ना? मग हे भूत आता उतरव डोक्यातून. त्याला कळलं तर तो या घरात राहील का?”

तिने शब्द दिला. नुसता दिला नाही, पाळला. दिरासाठी आवडीचं करून ठेवू लागली, त्याच्या बडबडीला ‘हो का’ म्हणू लागली, आणि प्रायश्चित्त म्हणून की काय, पोरीला त्याच्याजवळ आणखी तासभर जास्त ठेवू लागली. बाहुल्या तशाच मोठ्या होत्या. ताट तसंच झाकलेलं होतं. पण पट्टीने निर्वाळा दिला होता. पट्ट्यांमधलं ओ की ठो न कळणारी बाई असती तर तिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता. हिला पट्ट्या कळत होत्या, तिथेच सगळं फसलं.

बारा दिवसांनी, कामावर निघता निघता, दीर न्हाणीघरात असताना, पोरीची नखं कापायला नेलकटर शोधत तिने दिराच्या टेबलाचा खण उघडला. मागच्या बाजूला रबर लावलेल्या चंदेरी पुड्या होत्या, टपालाच्या तिकिटाएवढ्या. वर छापलं होतं: स्क्रीन चमकवण्याची पावडर. खाण्यासाठी नाही.

ती उभ्या जागी विचार करत राहिली. याला तिने हजारदा स्क्रीन पुसताना पाहिलं होतं. तो बाटलीतलं पातळ वापरायचा. त्याचा वास घरभर असायचा. पावडरीने काचेवर ओरखडे पडतात हे त्यानेच तिला सांगितलं होतं. आणि काच पुसायच्या पावडरीवर ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहायची कुणाला गरज पडावी? चोराच्या मनात चांदणं. तिने एक पुडी काढून पर्समध्ये टाकली.

लॅबमध्ये मॅडमनी पुडी उघडली नाही, हातात घेऊन नुसती फिरवली. तिने पट्टीचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“पट्टीवर पहारेकरी बसवलेला असतो असं समज. त्याला एका चोराचा फोटो दाखवलाय. हे लोक काय करतात, तोच रेणू घेतात आणि त्याला एका अंगाला शेपूट जोडतात. पहारेकरी म्हणतो, हा तो नव्हे, जाऊ द्या. कायद्याच्या यादीतही पुष्कळदा तेच होतं. मेंदूला मात्र शेपटाने फरक पडत नाही.”

“मेंदूत काय होतं?”

“मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. डोपामिन त्यातलंच एक. निरोप पोचला की उरलेलं रसायन परत ओढून घ्यायला पंप असतात. हे त्या पंपांच्या तोंडात अडकतं, काही प्रकार तर पंप उलटा फिरवतात. म्हणजे निरोप संपतच नाही. कर, अजून कर, थांबू नकोस.”

“म्हणून स्क्रू लांबीप्रमाणे.”

“काय?”

“काही नाही. शरीराचं काय, मॅडम?”

“हृदय धावतं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात. आत भट्टी पेटलेली आणि घराच्या खिडक्या बंद, तसं. आणि खरी मेख पुढे आहे. तरतरी तासा-दोन तासांत ओसरते, हृदयावरचा ताण मागे राहतो. माणसाला वाटतं उतरलं, म्हणून तो परत घेतो. थरावर थर. वर पुडीत मागच्या वेळचंच आहे का, तेवढंच आहे का, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.”

तिने पुडी मुठीत घेतली. “मॅडम, भोपळी आत्ता त्याच्याजवळ आहे.”

मॅडमनी तिच्या अॅप्रनची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. “मग इथे काय करतेस?”

घर शांत होतं. दीर खोलीच्या मधोमध उभा होता आणि पोर त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“बसला नाहीस?”

“बसलो की पाय थरथरतात. ती उठते मग.” त्याने आवाज आणखी खाली आणला. “वहिनी, खिडकीत जाऊ नका. समोरचा तो माणूस तीन दिवस आपल्याकडे बघतोय.”

तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. समोरच्या बँकेचा रखवालदार खुर्चीवर बसून दाढ कोरत होता. सात वर्षं तिथेच बसत होता.

तिने पोरीला स्वतःकडे घेतलं. मानेपासून टाचेपर्यंत हात फिरवून बघितलं. पोर धड होती.

“उद्यापासून मी रजेवर आहे.”

“का?”

“असंच.”

त्याने टेबलाकडे पाहिलं. “खण उघडलात माझा.”

“नेलकटर शोधत होते.”

“मिळालं?”

“मिळालं,” ती म्हणाली.

संध्याकाळी नवऱ्यासमोर तिने पुडी ठेवली. त्याने वाचलं आणि बाजूला सरकवली. “स्क्रीनची पावडर आहे. मोबाइलवाल्याच्या खणात काय केशर सापडणार?”

“पट्टीत न सापडणाऱ्या गोष्टी असतात. मॅडम म्हणाल्या.”

“पट्टी तूच आणलीस. तूच बुडवलीस. स्वच्छ आली असं तूच सांगितलंस. आता पट्टी खोटी? उद्या म्हणशील मी खोटा.”

तिने पुडी परत पर्समध्ये ठेवली. तिचीच साक्ष तिच्यावर उलटली होती. दोन दिवस घरात तिघं एकमेकांच्या पावलांचे आवाज ऐकत राहिली. दीर तिच्यावर नजर ठेवून, ती दिरावर आणि नवरा तिच्यावर. पोरीला ती न्हाणीघरातही सोबत नेऊ लागली.

रविवारी सकाळी दीर अकराच्या सुमारास टेबलावरून उठला. शुक्रवारपासून त्याने पाठ टेकली नव्हती. काही न बोलता पडद्यामागच्या आपल्या पलंगावर जाऊन आडवा झाला. नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला, चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात आला.

“झोपला. सुटलो. आता कुणी उठवू नका, पोटभर झोपू दे त्याला.”

तिच्याही खांद्यांवरचं ओझं उतरलं. घरातल्या सगळ्यांना एकदम हलकं वाटावं अशी ती शांतता होती. तिने पोरीला भरवलं, भांडी आवाज न करता लावली. अर्धा तास गेला. मग ती थांबली. मॅडमचं बोलणं तिच्या डोक्यात हजार वेळा घोळलं होतं: कर, अजून कर, थांबू नकोस. तो पंप अजून उलटा फिरत असेल तर हा माणूस झोपला कसा?

“जाऊ नकोस,” नवरा म्हणाला. “मुश्किलीने लागलाय त्याचा डोळा.”

तिने पोर नवऱ्याच्या हातात दिली आणि पडदा बाजूला केला. दीर भिंतीकडे तोंड करून पडला होता, गळ्यापर्यंत चादर. चादर चिंब. खांद्याला हात लावला आणि तिने तो चटकन मागे घेतला. तव्याला लागावा तसा चटका. जबडा आवळलेला, बोटं आपोआप उडत होती. तिने हाक मारली, तर तो कुठल्यातरी फोनचा नंबर पुटपुटला. पोरीचा थर्मामीटर तिने त्याच्या काखेत धरला. आकडा एकशे पाचच्या पुढे जाऊन वाजला.

नवरा तापाची गोळी घेऊन धावत आला.

“गोळीने उतरणारा ताप नाही हा. अँब्युलन्सला फोन लाव. मग टॉवेल भिजव, मिळतील तेवढे.”

तिने चादर ओढून फेकली, शर्ट कात्रीने कापला, पंखा त्याच्यावर वळवला आणि ओले टॉवेल काखेत, मानेवर, जांघांत दाबत राहिली. टॉवेल मिनिटात गरम होत होते. गाडी यायला चौदा मिनिटं लागली. तेवढ्यात नवरा एकच वाक्य चारदा म्हणाला, “नुसता झोपला होता गं.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय घेतलंय याने?”

“काही नाही,” नवरा म्हणाला. “व्यसन नाही त्याला. तपासणीसुद्धा झालीय, स्वच्छ आली.”

आजूबाजूला माणसं होती. चौकशी, पोलीस, दुकानदारांत नाव खराब; नवऱ्याच्या चेहऱ्यावर हे सगळं ओळीने लिहिलेलं तिला दिसत होतं. तिने पर्समधून पुडी काढली.

“ती तपासणी मी केली होती, डॉक्टर. ती याला लागू पडत नाही. हे घेतलंय. किती आणि कधीपासून ते माहीत नाही. महिना तरी झाला असावा.”

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुडी घेतली आणि आत बर्फ मागवला.

शांत करणारी इंजेक्शनं, सलाइन, बर्फ. संध्याकाळपर्यंत ताप शंभरावर आला. नळीच्या पिशवीत लघवी जमली ती काळ्या चहाच्या रंगाची. हजारो बाटल्या हाताळलेल्या तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उष्णतेने स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकत होतं. त्या पिशवीचा रंग बघत ती नऊ दिवस बसली. पाचव्या दिवशी काळ्या चहाचा फिका चहा झाला, आठव्या दिवशी पिवळा. तेव्हा नवरा तिच्या शेजारी येऊन बसला आणि पहिल्यांदा बोलला.

“अर्धा तास अजून झोपू दिलं असतं मी.”

“मीही दिलंच होतं की अर्धा तास,” ती म्हणाली.

दिराने मग सगळं सांगितलं. एका दुकानातल्या कारागिराने दिलं होतं, हात स्थिर राहतो म्हणून. “पहिलं वाक्यच होतं वहिनी त्याचं, तपासणीत येत नाही. म्हणून तर बाटली हसत दिली तुम्हाला.” ओळखीच्या आणखी दोघांकडे त्याच पुड्या होत्या. तिने ती नावं डॉक्टरीणबाईंना देऊन टाकली, त्याला विचारून.

आता तो घरी आहे. दर मंगळवारी व्यसनमुक्ती केंद्रात जातो, भाऊ सोबत जातो. पोरीला दुपारी शेजारच्या काकू बघतात. का, ते त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. भोपळी त्याला पाहून अजून हात वर करते, तेव्हा तो आधी वहिनीकडे बघतो.

तिचा संशय गेलेला नाही. ती ताटं बघते, बाहुल्या बघते. परवा दुपारी तो झोपला होता आणि ती पडद्याबाहेर उभी राहून त्याचा श्वास ऐकत होती.

“वहिनी,” तो डोळे न उघडता म्हणाला, “आत या. संशय घ्यायचा तर जवळ येऊन घ्या. बाहेर उभ्या राहता ना, त्याने मला झोप लागत नाही.”

ती आत गेली. कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. खणात काय आहे ते तिला अजून माहीत नाही, पण त्या दुपारपुरतं तेवढं पुरलं.

तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, बाजूच्या खोलीत किंवा भिंतीपलीकडे कुणी दिवसचे दिवस जागून आज एकदाचं झोपलं असेल, आणि घरातली सगळी ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणत चपला हातात घेऊन वावरत असतील, तर हे वाचायचं तेवढं खाली ठेवा. दार लोटा. हाक मारा, आणि ओ आली तरी अंगाला हात लावून बघा.